मऊ टोकांचा बॅजर ब्रश: खानदेशचं ऊन आणि बोअरचं पाणी धरून निवड

बॅजर नावाच्या जंगली प्राण्याच्या केसांचा दाढीचा ब्रश गालाला टेकवला आणि केसांचं टोक म्हणून काही जाणवलंच नाही, नुसता ओला, गुबगुबीत स्पर्श झाला, तर विकणारे त्या टोकांना ‘जेल टिप’ म्हणतात. या शब्दावर भुलून घेतलेले बरेच ब्रश दोन-तीन महिन्यांत कपाटात जाऊन पडतात. टोकं मऊ असणं वेगळं आणि अख्खा ब्रश मऊ असणं वेगळं, ही गल्लत त्याचं कारण. टोकं लोण्यासारखी हवीत, पण त्यांच्याखालचा केस ताठ हवा. खालचा केसही लुळा निघाला तर ब्रश गालावर नुसता लोळतो, साबण उचलत नाही, आणि फेस येईपर्यंत मनगट भरून येतं. ब्रश पाहताना हे दोन प्रश्न सुटे सुटे विचारायचे: टोक कसं आहे, आणि कणा कसा आहे.

कोणाला हवा, कोणाला नको

रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्याला, उन्हात फिरून गाल चुरचुरणाऱ्याला, मानेवर केस आत वळून पुळ्या येणाऱ्याला मऊ टोकांचा खरा उपयोग होतो. आठवड्याची दाढी बाजाराच्या दिवशी एकदाच उरकायची असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. चार-पाच दिवसांचे राठ खुंट उभे करायला थोडी घासणारी टोकंच बरी. त्यासाठी डुकराच्या केसांचा ब्रश पुरतो आणि तो कितीतरी स्वस्तात मिळतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. बॅजरचे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरून घेत नाहीत, जनावर मारूनच ते मिळतात. बाजारातला बहुतेक माल चीनमधून येतो. गळ्यात माळ असेल, घर जैन असेल किंवा मनालाच हे पटत नसेल तर सरळ सिंथेटिक घ्या. हल्लीचे चांगले सिंथेटिक ब्रश मऊपणात फार मागे नाहीत, वाळतातही लवकर. फरक राहतो तो पाणी धरून ठेवण्यात आणि टोकांच्या त्या चिकटसर स्पर्शात.

‘देशी बॅजर’ म्हणून कोणी काही दाखवलं तर हात लावू नका. आपल्याकडचा चांदी अस्वल, ज्याला रेटेल म्हणतात, तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. मुंगसाच्या केसांचा व्यापारही याच कायद्याने गुन्हा आहे. परदेशी ब्रश घेताना केस कोणत्या प्राण्याचे आणि कोणत्या देशातले, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

पट्टे आणि प्रतीची नावं

बॅजरचा एकेक केस मधे जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. तीन पट्ट्यांच्या केसात टोक पांढरं, मधे काळा पट्टा आणि बुडाशी पुन्हा फिकट रंग दिसतो. दोन पट्ट्यांच्या केसात मुठीबाहेर दिसणाऱ्या भागात दोनच रंग असतात, वर पांढरा आणि खाली काळा. दोन पट्ट्यांचा केस सहसा जाडसर आणि ताठ, तीन पट्ट्यांचा बारीक आणि फुलणारा. म्हणून मऊ टोक आणि ताठ कणा दोन्ही हवं असेल तर शोध दोन पट्ट्यांपासून सुरू करा. तीन पट्ट्यांत चांगले ब्रश नाहीत असं नाही, पण तिथे केसांची उंची कमी ठेवलेली असेल तरच कणा टिकतो.

प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप या नावांना कोणतंही एक ठरलेलं प्रमाण नाही. सिम्पसन या ब्रश कंपनीकडे ‘बेस्ट’च्या वर ‘सुपर’ येतो, दुसरे कोणी ‘सुपर’च्याही वर ‘सिल्व्हरटिप’ विकतात. एकाच नावाच्या दोन कंपन्यांच्या ब्रशांत जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो. एवढं मात्र धरून चाला की ‘प्युअर’ ही सगळ्यात खालची प्रत असते. नाव भारदस्त, केस बोचरे.

टोक पाहायचं कसं

चांगल्या ब्रशचा घुमट कात्रीने कापून केलेला नसतो. कारागीर केस उलटे करून साच्यात भरतो, ठोकून ठोकून टोकं साच्याच्या आकारात बसवतो आणि मग बुडाशी बांधून गोंद लावतो. त्यामुळे प्रत्येक केसाचं मूळचं निमुळतं टोक शाबूत राहतं. स्वस्त ब्रशात वरून कात्री फिरवतात. टोक कापलं गेलं की राहतो तो बोथट बुडखा आणि तोच गालाला टोचतो. खिडकीतल्या उजेडासमोर ब्रश आडवा धरा. टोकं विरत विरत नाहीशी होत असतील तर ती न कापलेली आहेत. घुमट वस्तऱ्याने साफ केल्यासारखा गुळगुळीत दिसला तर संशय घ्या.

जेलपणा कोरड्या ब्रशात कळत नाही. ब्रश कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, तीन-चारदा झटका आणि टोकांवर अंगठ्याचं पेर नुसतं टेकवून उचला. उन्हाळ्यात सरबतात टाकायला सब्जा भिजवतो, त्या फुगलेल्या बियांवरून बोट फिरवल्यावर जो बुळबुळीत आणि किंचित ओढणारा स्पर्श होतो, तो इथे व्हायला हवा. मग साबण लावून एकदा फेस करा, ब्रश धुवा, वाळू द्या आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने मारून पाहा. जेल टोकं सरळ उभी न राहता मासे धरायच्या गळासारखी अगदी बारीक वळलेली दिसतात. हे आकडे ओले झाले की एकमेकांत अडकतात, टोकांच्या जुड्या होतात आणि त्यातूनच तो चिकटपणा येतो.

काही लॉटमध्ये हा गुण केसातच असतो. बऱ्याचदा मात्र टोकांवर रासायनिक प्रक्रिया करून तो आणलेला किंवा वाढवलेला असतो. प्रक्रिया बेताची असेल तर बिघडत नाही. ती जास्त झाली की सलूनमध्ये चारदा ब्लीच केलेल्या केसांसारखी गत होते: टोकं मऊ पण कमकुवत, आणि थोड्याच महिन्यांत तुटायला लागतात. चुन्यासारखी पांढरीफटक आणि कोरडी असताना कापसासारखी एकमेकांत गुंतणारी टोकं दिसली तर जरा थांबा. दुधी-पिवळसर झाक असलेली टोकं फोटोत कमी उठून दिसतात, पण सहसा जास्त टिकतात.

मापं: इथे चूक झाली तर टोकांचा काही उपयोग नाही

केसांच्या जुडग्याला नॉट म्हणतात. नॉटचा व्यास मुठीच्या तोंडाशी मोजायचा, वर फुललेल्या भागात नाही. मुठीच्या तोंडापासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंची म्हणजे लॉफ्ट. लॉफ्टला नॉटने भागा, ब्रशचा निम्मा स्वभाव तिथेच कळतो.

भागाकार 1.9 ते 2.1 आला तर कणा चांगला. म्हणजे 24 मिलिमीटर नॉटला 46 ते 50 लॉफ्ट, 26 ला 50 ते 54. थेट गालावर फेस करणाऱ्याने याच टप्प्यात राहावं. 2.4 च्या पुढे गेला की ब्रश लुळा पडतो. उदाहरणार्थ 22 नॉट आणि 54 लॉफ्ट. वाटीत फेस करून मग तो चेहऱ्यावर लावणाऱ्याला हा लुळेपणा चालतो, काहींना आवडतोही. 1.8 च्या खाली गेलात तर ब्रश ठोकळ्यासारखा होतो, फेस पोटातच दाबून ठेवतो, पिळल्याशिवाय बाहेर सोडत नाही. 28 किंवा 30 च्या नॉटचा मोह पहिल्या खेपेला तरी टाळा. नाकाखाली फेस लावताना तो नाकपुडीत जातो आणि कानाच्या पाळीलाही साबण लागतो.

चार मिलिमीटर म्हणजे काय एवढंसं, असं वाटतं. पण 24 च्या नॉटला 50 आणि 54 लॉफ्टचे दोन ब्रश शेजारी ठेवून दाबून पाहिले तर ते दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटतील.

आता यातली एक खाच. कागदावरचा लॉफ्ट खरा नसतो. नॉटच्या आत बुडाशी गोंदाचा उंचवटा असतो आणि केस वाकायला सुरुवात होते ती त्याच्या वरून. कोरडा ब्रश हातात घ्या, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध भांग पाडा आणि बोटाचं टोक खोल बुडापर्यंत न्या. कडक गाठ लागेल. चार-पाच मिलिमीटरची असेल तर ठीक. ती दहाच्या आसपास असेल तर 50 लॉफ्टचा ब्रश प्रत्यक्षात 40 सारखा वागतो. असा ब्रश मधे दगडासारखा आणि कडेला मऊ लागतो, आणि लोक म्हणतात, टोकं बोचतात. बोचत असतो तो न वाकणारा मधला भाग.

घुमटाचे मुख्य आकार दोन. दिव्याच्या बल्बसारखा गोल फुगीर, आणि पंख्यासारखा पसरलेला. एकाच मापात बल्बला कणा जास्त असतो, पंखा लवकर पसरतो आणि टोकांचा स्पर्श जास्त जाणवतो. पहिलाच जेल टोकांचा ब्रश घेत असाल तर बल्ब घ्या. पंख्यात मऊ टोकं आणि मोठा लॉफ्ट एकत्र आले की हातात ओलं फडकं धरल्यासारखं होतं.

घनता पाहायला ओला, झटकलेला ब्रश तळहातावर सरळ दाबा. अर्ध्यापर्यंत वाकून तो अडला पाहिजे आणि सोडल्यावर आपणहून उभा राहिला पाहिजे. तसाच बसून राहिला तर केस विरळ किंवा लुळे. वाकायलाच तयार नसेल तर फार दाट. दाट म्हणजे चांगला, हा समज विकणाऱ्यांनी रुजवलाय. अतिदाट ब्रशात साबण जास्त जातो आणि पावसाळ्यात त्याचं बूड वाळत नाही.

मुठीबद्दल थोडक्यात: आपल्याकडे रेझिनची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. शिंगाची आणि लाकडाची मूठ दिसते देखणी. पण मे महिन्यात हवेत टिपूस ओल नसताना रोज दोन मिनिटं भिजायचं आणि दिवसभर तडकायचं, हे तिला सोसत नाही. शिंगाचे पापुद्रे सुटतात, लाकडाला तोंडाशी बारीक चीर पडते आणि त्या चिरेतून पाणी नॉटच्या बुडाला पोचतं.

घेताना

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर जनरल स्टोअरमध्ये टांगलेले ब्रश बहुधा नायलॉनचे किंवा डुकराच्या केसांचे असतात. डुकराच्या पांढऱ्या केसांवर मधे काळा पट्टा रंगवला की तो लांबून बॅजर दिसतो. तीन-चारशे रुपयांत न कापलेल्या टोकांचा दोन पट्ट्यांचा बॅजर मिळणं शक्य नाही, इतकं लक्षात ठेवलं तरी फसवणूक टळते. शंका असेल तर ब्रश कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या टिश्यूवर दाबा, रंगवलेला पट्टा बऱ्याचदा डाग सोडतो. गळालेला एखादा केस चिमट्यात धरून काडीने जाळून पाहा. खरा केस चुरचुरत जळतो, केस जळाल्याचाच वास येतो आणि राख बोटांत चुरते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. डुकराचा केस मात्र या परीक्षेत पास होतो, तोही केसच ना! त्याला टोकावरून ओळखा: डुकराच्या केसाचं टोक फाटून दोन-तीन फाटे फुटलेले असतात.

बॅजर ऑनलाइनच मागवावा लागतो, तेव्हा हात लावून पाहता येत नाही. विकणाऱ्याला पाच गोष्टी विचारा: नॉटचा व्यास, मुठीबाहेरचा लॉफ्ट, बल्ब की पंखा, पट्टे दोन की तीन, आणि मूठ कशाची. कोरड्या ब्रशचा बाजूने आणि वरून काढलेला फोटो मागा, जमलं तर ओला ब्रश तळहातावर दाबतानाची दहा सेकंदांची क्लिप. नुसतं ‘एकदम सॉफ्ट आहे सर’ असं उत्तर आलं तर पुढचं दुकान. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा आणि ओला करण्याआधी माप घ्या. एकदा भिजवलेला ब्रश सहसा परत घेत नाहीत.

भंगार बाजारातले जुने, देखण्या मुठीचे ब्रश वापरायला घेऊ नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरऐवजी घोड्याचे केस वापरून नकली ब्रश निघाले. ते केस नीट निर्जंतुक न केल्याने दाढी करणाऱ्या सैनिकांना आणि इतरांनाही अँथ्रॅक्स झाला होता. मूठ आवडली तर केस काढून टाका आणि नवा नॉट बसवा.

पहिले आठ दिवस

नव्या बॅजरला ओल्या जनावरासारखा वास येतो. भांड्याच्या साबणाच्या द्रवाचे दोन थेंब किंवा साधा शांपू घेऊन तळहातावर फेस करा, बोटांनी बुडापर्यंत चोळा आणि धुवा. हे दोनदा. मग नेहमीच्या दाढीच्या साबणाचा दाट फेस करून ब्रश रात्रभर तसाच ठेवा, सकाळी धुऊन टाका. वास तरीही चार-पाच दाढ्या रेंगाळतो आणि मग जातो. सेंट शिंपडू नका, स्पिरिटने टोकं कोरडी पडतात.

पहिल्या आठ-दहा दाढ्यांत थोडे सुटे केस निघतात, ते साच्यात भरताना गोंदापर्यंत न पोचलेले असतात. महिना झाला तरी दर वेळी चार-पाच निघत असतील, किंवा मधूनच जुडगा हातात आला, तर गोंदाने दगा दिलाय. दुकानदाराला तेव्हाच कळवा. ‘होईल नीट’ म्हणून वाट पाहण्यात परत करण्याची मुदत निघून जाते.

बोअरचं पाणी

खानदेशात ब्रशचं खरं वैर या पाण्याशी आहे. ज्या घरात तांब्यावर पांढरे डाग पडतात आणि गीझरच्या कॉइलवर खडे धरतात, त्या घरात सहा महिन्यांत जेल टोकं राठ होतात आणि दोष ब्रशला लागतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा बनतो. तो केसांच्या टोकांवर थर धरतो. टोक जितकं बारीक आणि वळलेलं, तितका चोथा त्यात जास्त अडकतो. म्हणजे ज्या वळलेल्या टोकांसाठी पैसे मोजले, तीच आधी बुजतात.

पाणी किती जड आहे ते घरीच पाहा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पेलाभर पाणी घ्या, अंघोळीच्या साबणाचा नखाएवढा किस टाका आणि पंधरा सेकंद जोरात हलवा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहून वर फेस टिकला तर चिंता नाही. पाणी दुधाळ होऊन त्यात दही फाटल्यासारखे कण तरंगले आणि फेस बसला, तर ते पाणी ब्रशसाठी वापरू नका.

दाढीच्या फेसाला पाणी लागतं जेमतेम अर्धी वाटी. तेवढं आरओचं किंवा पिण्याच्या जारमधलं घेतलं तर कोणाची तक्रार नको. पण लोक फेस चांगल्या पाण्यात करतात आणि ब्रश धुतात नळाखाली. केसांत साबण भरलेला असताना जड पाणी ओतलं की चोथा तिथेच तयार होतो. म्हणून धुण्याचा क्रम असा: आधी ब्रश हलक्या मुठीत पिळून जेवढा फेस काढता येईल तेवढा काढा, मग वाटीतल्या चांगल्या पाण्यात दोनदा बुडवून पिळा, आणि नळ शेवटी. उकळून गार केलेलं पाणी थोडं हलकं होतं, पूर्ण नाही.

तुरटी फिरवलेलं पाणी मात्र ब्रशला नकोच. तुरटीतलं ॲल्युमिनियमही साबणाचा चोथा करतं. याच कारणाने, पहिला हात झाल्यावर गालावर तुरटीचा खडा फिरवून पुन्हा दुसऱ्या हातासाठी ब्रश लावू नका. फेस मरतो आणि टोकं चिकट होतात. तुरटी सगळ्यात शेवटी, आणि खडा वेगळ्या डबीत.

थर बसलाच असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी असं मिश्रण करा. ब्रशचे केस त्यात दोन-तीन मिनिटं हलवा, आरओच्या पाण्याने धुवा, मग शांपूचा एक थेंब. व्हिनेगर नसेल तर पेलाभर पाण्यात पाव चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबाचं फूल. महिन्यातून एकदा पुरे. धुण्याचा सोडा आणि ब्लीच यांना स्पर्श करू देऊ नका, केस ठिसूळ होतात.

फेस करताना हात कसा ठेवायचा

पाणी कोमट, हाताला सहज सोसेल इतकंच. गीझरचं वाफाळतं पाणी केसाचंही वाटोळं करतं आणि गोंदाचंही. मेच्या दुपारी तर गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीही जास्त गरम असतं, थोडं गार होऊ द्या.

ब्रश एक मिनिट भिजवा, तीन-चारदा झटका. ट्यूबमधलं क्रीम असेल तर हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं टोकांच्या मधोमध घ्या. वडीचा कडक साबण असेल तर जेल टोकं त्यावरून घसरतात. डुकराचा ब्रश दहा-पंधरा सेकंदांत जेवढा साबण उचलेल तेवढ्यासाठी इथे तीस ते चाळीस सेकंद फिरवावं लागतं. फेस फुसफुशीत आला तर बहुतेक वेळा साबण कमी पडलेला असतो, पाणी नव्हे. साबणावर आधीच पाच-सहा थेंब पाणी टाकून ठेवलं तर वरचा थर मऊ होतो आणि हा वेळ वाचतो.

गालावर गोल फिरवताना केस निम्म्याहून जास्त दाबू नका, शेवटी रंग मारल्यासारखं खाली-वर करून फेस सारखा करा. ब्रश जोरात दाबून गरगर फिरवला की मधले केस बुडाशी मोडतात आणि काही महिन्यांत माथ्यावर मेदूवड्यासारखं भोक पडतं. ते भरून येत नाही. पाणी कमी वाटलं तर टोकं पाण्याला नुसती टेकवा, एका वेळी पाच-सहा थेंबच. फेस दह्यावरच्या सायीसारखा चमकायला लागला की थांबा.

वाळवणं

धुऊन झाल्यावर जोरात झटका, टॉवेलवर हलक्या हाताने पुसा आणि उभा ठेवा. उलटा टांगलाच पाहिजे असं नाही. झटकल्यावर बुडाशी उरलेली ओल हवेनेच जाते. ठेवा सावलीत, वारा लागेल तिथे. ओट्यावर किंवा खिडकीच्या सज्जात 44-45 अंशांच्या उन्हात ठेवलेल्या ब्रशचा कडक झाडू होतो आणि रेझिनची मूठ तापून गोंद ढिला पडतो. कूलरच्या झोतात ठेवायचा मोहही आवरा, त्या हवेत ओल असते.

आषाढ-श्रावणात उलट अडचण. दाट नॉट चोवीस तासांत वाळत नाही, बुडाशी कुबट वास धरतो. तेव्हा दोन ब्रश आलटून पालटून वापरणं सोपं. दुसरा साधा सिंथेटिक असला तरी चालतो. प्रवासाला नेताना बंद डबीत ओला ब्रश घालू नका, घातलाच तर मुक्कामी पोचल्यावर आधी तो बाहेर काढा.

उन्हाळा संपता संपता कधी अख्खा नॉट मुठीतून निसटून हातात येतो. केस शाबूत असतील तर ब्रश वाया गेलेला नाही. मुठीच्या खळग्यातला जुना गोंद बोथट चाकूने खरवडून काढा आणि दोन्ही भाग दोन दिवस कोरडे होऊ द्या. दोन नळ्यांचा एपॉक्सी समप्रमाणात कालवून खळग्यात अगदी थोडा घाला, काठावर येईल इतका नाही, नाहीतर तो केसांत चढतो आणि नवा उंचवटा तयार होतो. नॉट सरळ उभा बसलाय ना ते चारही बाजूंनी पाहा आणि चोवीस तास पाणी लावू नका.